आमदार लिंकन: इलिनॉय विधानसभेतली आठ वर्षं (१८३४–१८४२), वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी पुस्तकांत अब्राहम लिंकन बहुधा लाकडी झोपडीतून थेट व्हाइट हाउसमध्ये पोचतो. मधली आमदारकीची आठ वर्षं गाळली जातात. राजकारण मात्र तो तिथेच शिकला. त्या वर्षांविषयी लोक नेहमी जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

लिंकन नक्की कुठला आमदार होता आणि किती वेळा निवडून आला?

इलिनॉय राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, सँगमन काउंटीतून. १८३४, १८३६, १८३८ आणि १८४० असा सलग चार वेळा. प्रत्येक मुदत दोन वर्षांची. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पक्ष व्हिग, म्हणजे डेमोक्रॅटांचा तेव्हाचा मुख्य विरोधी पक्ष. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये उभा राहिला, त्यामुळे 'रिपब्लिकन आमदार लिंकन' असं कुठे वाचलंत तर ते चूक आहे.

त्या काळच्या इलिनॉयला 'फ्रंटियर' का म्हणतात?

गोऱ्या वस्तीची कड तेव्हा तिथून सरकत होती म्हणून. १८३० च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या १,५७,४४५ होती आणि १८४० मध्ये ४,७६,१८३ झाली. दहा वर्षांत तिप्पट. वस्ती आधी दक्षिणेकडून भरत आली. उत्तरेचं शिकागो १८३३ मध्ये जेमतेम गाव झालं. चिखलाचे रस्ते, पूल नाहीत, नाणं दुर्मीळ. आमदाराकडे लोक काय मागायचे हे यावरूनच कळतं: रस्ता, पूल, कालवा आणि बँक.

उमेदवार व्हायला काय लागायचं? पक्षाचं तिकीट?

१८३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकीट नव्हतंच. उमेदवारी स्वतःच जाहीर करायची. राज्याच्या १८१८ च्या घटनेत प्रतिनिधीसाठी अटी मोजक्याच होत्या: वय किमान २१, अमेरिकेचं नागरिकत्व, काउंटीत निवडणुकीआधी बारा महिन्यांचं वास्तव्य आणि राज्याचा किंवा काउंटीचा कर भरलेला असणं. मतदार मात्र नागरिक असण्याचीही गरज नव्हती. एकवीस वर्षांचा, सहा महिने राज्यात राहिलेला गोरा पुरुष असला की झालं. काळ्यांना आणि स्त्रियांना मत नव्हतं.

लिंकनने ९ मार्च १८३२ च्या तारखेचं निवेदन स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात छापून आणलं. त्यात रेल्वे हवी खरी, पण अंदाजे खर्च २,९०,००० डॉलर, तेव्हा त्यापेक्षा सँगमन नदी साफ करून तिच्यातून बोटी चालवाव्यात, असा हिशेब मांडलेला आहे. दुकानातल्या तेवीस वर्षांच्या कारकुनाने लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

मतदान कसं व्हायचं?

तोंडी. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मतदार केंद्रावर जायचा, टेबलामागे बसलेल्या निवडणूक अधिकाऱ्यांना आपलं नाव सांगायचा आणि आपले उमेदवार मोठ्याने पुकारायचा. कारकून ते वहीत उतरवायचा. काउंटीला चार जागा असतील तर प्रत्येकाला चार नावं घेता येत. सावकार, घरमालक, व्हिस्की पाजणारा उमेदवार, सगळे ऐकत उभे. गुप्तता शून्य. त्या वह्या टिकल्या म्हणून कुणी कुणाला मत दिलं हे आज नावानिशी सांगता येतं, हा इतिहासकारांचा फायदा.

पहिली निवडणूक तो का हरला?

प्रचाराला वेळच मिळाला नाही. एप्रिल १८३२ मध्ये ब्लॅक हॉक युद्धासाठी (ब्लॅक हॉक या मूलनिवासी पुढाऱ्याविरुद्धच्या लढाईसाठी) स्वयंसेवक मागवले गेले आणि लिंकन गेला. गावच्या पोरांनी त्याला कॅप्टन निवडलं. १० जुलैला सैन्यातून सुटका झाली, घोडा चोरीला गेला, आणि परतला तेव्हा मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले होते. ६ ऑगस्टला तेरा उमेदवारांत त्याचा आठवा क्रमांक आला, मतं ६५७. मात्र त्याच्या न्यू सेलम गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याची होती. ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी मत दिलं. काउंटी मोठी होती आणि बाकीच्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं.

मग दोन वर्षांत असं काय झालं?

दोन सरकारी कामं मिळाली. मे १८३३ मध्ये तो न्यू सेलमचा पोस्टमास्तर झाला. टपालाचा खर्च तेव्हा बहुधा पत्र घेणारा द्यायचा, त्यामुळे पत्र हातात देताना चार शब्द व्हायचेच. तो पत्रं टोपीत ठेवून लोकांच्या दारी न्यायचा. शिवाय येणारी वर्तमानपत्रं फुकट वाचायला मिळत.

दुसरं काम उपमोजणीदाराचं. मोजणीची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल. हातात होकायंत्र, पुढे-मागे साखळी धरणारे गडी, आणि खुणेसाठी झाडावर घाव. जमिनीच्या हद्दीवरून भांडणारा प्रत्येक शेतकरी मोजणीदाराला ओळखतो, आणि मोजणी सरळ असेल तर लक्षातही ठेवतो. आमदारकीचा पाया या साखळीने घातला असं आमचं मत आहे, भाषणं नंतरची.

मध्यंतरी बेरीबरोबर भागीत काढलेलं दुकान बुडालं. भागीदार वारल्यावर सगळं कर्ज, सुमारे ११०० डॉलर, लिंकनच्या अंगावर आलं. तो त्याला थट्टेने 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा. सावकाराने घोडा आणि मोजणीची हत्यारं जप्त करून लिलावात काढली; जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती १२० डॉलरला घेतली आणि त्यालाच परत दिली.

१८३४ ची निवडणूक कशी जिंकली? ती तर डेमोक्रॅटांची लाट होती ना?

होती, आणि तिचा थोडा वारा त्याच्याही शिडात शिरला. काही डेमोक्रॅटांना जॉन टॉड स्टुअर्ट या व्हिग पुढाऱ्याला पाडायचं होतं. त्यासाठी आपली मतं लिंकनला देण्याची त्यांची तयारी होती. लिंकनने ही गोष्ट स्टुअर्टलाच जाऊन सांगितली. स्टुअर्ट म्हणाला, घे. ४ ऑगस्टला चार जागांसाठी निकाल लागला: डॉसन १३९०, लिंकन १३७६, कार्पेंटर ११७०, स्टुअर्ट ११६४. लिंकन दुसरा आला, आणि सल्ला देणारा स्टुअर्ट काठावर वाचला.

आमदाराला पगार किती मिळायचा?

दिवसाला तीन डॉलर, तेही अधिवेशनाच्या दिवसांपुरतेच, वर प्रवासभत्ता. पहिलं अधिवेशन १ डिसेंबर १८३४ ते १३ फेब्रुवारी १८३५ असं ७५ दिवस चाललं. त्याचे २२५ आणि भत्ता धरून लिंकनला एकूण २५८ डॉलर मिळाले. पण ते हातात येण्याआधीचा खर्च? त्याने कोलमन स्मूट या सधन शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले. त्यातले ६० चक्क कपड्यांवर गेले. तोवर त्याच्या अंगावर धड सूट नव्हता.

राजधानी वँडेलिया कशी होती?

हजाराच्या आत वस्तीचं गाव. स्प्रिंगफील्डहून सुमारे ७५ मैल, घोडागाडीने दीड-दोन दिवस. अधिवेशन भरलं की खाणावळी तुडुंब, एका खोलीत कितीतरी आमदार. लिंकन स्टुअर्टबरोबर राहायचा. विधानभवन विटांचं, पण भिंती फुगलेल्या, गिलावा पडणारा. सभागृहात ५५ सदस्य, त्यांपैकी ३६ पहिल्यांदाच आलेले. म्हणजे नवखेपणात लिंकन एकटा नव्हता. पहिल्या अधिवेशनात तो फार बोललाच नाही. स्टुअर्ट मतांची मोट कशी बांधतो ते बघत बसला.

रोजचं काम काय असायचं?

मोठ्या धोरणांपेक्षा किरकोळ, एकेका माणसाची किंवा गावाची विधेयकं जास्त. अमक्याला सॉल्ट क्रीकवर पूल बांधून टोल घ्यायची परवानगी द्या (हे विधेयक लिंकननेच आणलेलं), तमक्या रस्त्याची आखणी बदला, या दोघांचा घटस्फोट मंजूर करा. प्रत्येक विधेयकाचं दोन्ही सभागृहांत तीन वेगवेगळ्या दिवशी वाचन व्हायला हवं. घाई असेल तर तीन चतुर्थांश सदस्यांच्या संमतीने ही अट गुंडाळता यायची. मग ते गव्हर्नर आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्या मंडळाकडे जायचं. मंडळाने परत पाठवलं तरी निवडून आलेल्यांच्या साध्या बहुमताने ते पुन्हा मंजूर होई. म्हणजे नकाराधिकार असून नसल्यासारखा. एक कोटी डॉलरच्या योजनेबद्दल पुढे वाचताना हे ध्यानात असू द्या.

'लाँग नाईन' म्हणजे कोण?

१८३६ मध्ये वाढत्या लोकसंख्येमुळे सँगमन काउंटीला सात प्रतिनिधी आणि दोन सिनेटर मिळाले. नऊही व्हिग, सरासरी उंची सहा फुटांच्या वर, म्हणून 'लांबडे नऊ'. लिंकन सहा फूट चार इंच. त्या निवडणुकीत सतरा उमेदवारांत सर्वाधिक मतं त्याला होती: १७१६. प्रचारात त्याने एक वाक्य असं लिहिलं की आजही लोक दचकतात: कर भरणाऱ्या किंवा शस्त्र धरणाऱ्या सर्व गोऱ्यांना मताधिकार असावा, आणि स्त्रियांना त्यातून मुळीच वगळू नये. हे खरं मानून केलं की गंमत म्हणून, यावर वाद आहे. पुढे त्याने त्यासाठी काही केलं नाही एवढं खरं.

राजधानी स्प्रिंगफील्डला त्यांनी 'पळवली' का?

पळवली म्हणावं असंच होतं. वँडेलियाची वीस वर्षांची मुदत १८४० ला संपणार होती. १८३४ मध्ये जनतेचा कौल घेतला गेला, त्यात अल्टन पहिलं, वँडेलिया दुसरं, स्प्रिंगफील्ड तिसरं. निकाल बासनात गेला. वँडेलियाच्या लोकांनी घाबरून १८३६ च्या उन्हाळ्यात जुनी इमारत पाडून सुमारे १६,००० डॉलरमध्ये नवं विधानभवन उभारलं. डिसेंबरमध्ये आमदार आले तेव्हा गिलावा ओलाच होता.

लांबड्यांनी हातातले पत्ते नीट खेळले. राजधानी बदलण्याचं विधेयक दोनदा बाजूला पडलं, लिंकनने ते परत वर आणलं. कायद्यात अट घातली की जे गाव निवडलं जाईल त्याने ५०,००० डॉलर आणि दोन एकर जमीन द्यायची. या अटीने बारकी गावं आपोआप गळाली. २८ फेब्रुवारी १८३७ ला दोन्ही सभागृहांचं एकत्र मतदान झालं. पहिल्या फेरीत स्प्रिंगफील्डला ३५ मतं होती. चौथ्या फेरीत ७३, आणि वँडेलियाला १६.

पुढची फजितीही सांगायला हवी. ५०,००० डॉलर कबूल केले खरे, पण लगेच मंदी आली. शेवटचा हप्ता भरण्यासाठी गावकऱ्यांना बँकेतून कर्ज काढावं लागलं. त्या रोख्यावर लिंकनचीही सही आहे.

एक कोटी डॉलरची ती योजना काय होती आणि का बुडाली?

२७ फेब्रुवारी १८३७ चा 'अंतर्गत सुधारणा' कायदा. राज्याने कर्ज काढून सगळीकडे एकदम रेल्वे, रस्ते आणि नद्यांची कामं करायची. खर्च एक कोटी डॉलरहून थोडा जास्त. चार लाखांच्या आसपास वस्ती धरली तर दरडोई पंचवीस डॉलर, म्हणजे आमदाराचा आठ दिवसांचा भत्ता. एकट्या सेंट्रल रेल्वेला ३५ लाख. ज्या काउंटीतून रेल्वेही जात नाही नि नदीही नाही, त्यांना खूश करायला दोन लाख रोख.

बुडण्याची कारणं तीन. पहिलं, काम सगळीकडे एकाच वेळी, प्रत्येक मार्गाच्या दोन्ही टोकांकडून आणि नदीच्या घाटांवरून सुरू करायचं ठरलं, कारण आपलं काम मागे राहील अशी प्रत्येकाला भीती. परिणामी उत्पन्न देऊ शकेल असा एकही सलग मार्ग आधी पुरा झाला नाही. दुसरं, अभियंत्यांची पाहणी आणि खर्चाचे अंदाज न होताच रकमा ठरल्या. तिसरं, मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं, देशभर मंदी पसरली आणि इलिनॉयचे रोखे कुणी पुरत्या किमतीला घेईना.

शेवटी काय हाती आलं? नॉर्दर्न क्रॉस रेल्वेचा मेरेडोसिया ते स्प्रिंगफील्ड हा तुकडा, तोही १८४२ मध्ये. इंजिन बिघडल्यावर डबे खेचरं ओढत. १८४७ मध्ये ही लाइन २१,१०० डॉलरच्या रोख्यांना विकली गेली. राज्याला १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला व्याज भरणंही थांबवावं लागलं, आणि कर्ज फिटायला १८८० चं दशक उजाडलं.

लिंकन या योजनेचा कट्टर पाठीराखा होता आणि ती ढासळतानाही त्याने हट्ट सोडला नाही. न्यूयॉर्कमध्ये ईरी कालवा खोदवणाऱ्या गव्हर्नर क्लिंटनसारखं आपण इलिनॉयमध्ये व्हावं, असं तो म्हणत असे, अशी त्याच्या मित्राची आठवण आहे. जानेवारी १८३९ मध्ये वित्त समितीच्या वतीने त्याने आणखी एक तोडगा मांडला: राज्यातली न विकलेली सुमारे दोन कोटी एकर सरकारी जमीन केंद्राकडून एकरी २५ सेंटने घ्यायची आणि १.२५ डॉलरने विकून कर्ज फेडायचं. वॉशिंग्टनने दाद दिली नाही.

राजधानीच्या मतांच्या बदल्यात त्यांनी रेल्वेला मतं दिली, हे खरं का?

दोन्ही निर्णय लागोपाठच्या दोन दिवसांचे, त्यामुळे संशय तेव्हापासूनच आहे. विरोधकांनी हा आरोप उघडपणे केला. पण मतांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर ज्यांना रेल्वे मिळाली त्यातल्या अनेकांनी स्प्रिंगफील्डला मत दिलेलं नाही. एकच मोठा सौदा होता असं दिसत नाही. छोट्या छोट्या देवाणघेवाणी मात्र झाल्या असणार. फ्रंटियरवर तिला कुणी नाक मुरडत नसे.

गुलामगिरीबद्दल आमदार लिंकनची भूमिका काय होती?

२० जानेवारी १८३७ ला सभागृहाने गुलामगिरी निर्मूलनवाद्यांचा निषेध करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. सहांपैकी एक लिंकन. बरोबर सहा आठवड्यांनी, ३ मार्चला, त्याने आणि डॅन स्टोनने एक लेखी निषेध कामकाजात नोंदवला: गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, पण निर्मूलनवाद्यांच्या प्रचाराने ती कमी न होता तिचे दुष्परिणाम वाढतातच.

सहा आठवडे का थांबला? राजधानीचं मतदान मध्ये होतं, आणि त्याआधी एकही मत दुखावायचं नव्हतं, हा तर्क पटण्यासारखा आहे. दुसरी बाजूही झाकू नये. जानेवारी १८३६ मध्ये मताधिकार गोऱ्यांपुरताच राहावा अशा ठरावाच्या बाजूने त्याने मत दिलं होतं. गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढणारा १८६३ चा लिंकन इथे शोधायला गेलात तर निराश व्हाल. मात्र १८३७ च्या इलिनॉयमध्ये तो निषेध नोंदवायला हिंमत लागत होती: त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला अल्टनमध्ये निर्मूलनवादी संपादक एलायजा लव्हजॉय यांना जमावाने ठार मारलं.

खिडकीतून उडी मारल्याची गोष्ट खरी आहे?

खरी. ५ डिसेंबर १८४०, शनिवार, स्प्रिंगफील्ड. नवं विधानभवन अपुरं असल्याने सभागृह एका चर्चमध्ये भरत होतं. स्टेट बँकेला नोटांच्या बदल्यात नाणी न देण्याची जी सवलत होती, ती विशेष अधिवेशन संपताच संपणार होती. डेमोक्रॅटांना बँक अडचणीत आणायची होती, म्हणून त्यांनी त्याच दिवशी अधिवेशन संपवायचा घाट घातला. नियमित अधिवेशन सोमवारी सुरू व्हायचं होतं. तोवर कसंबसं ढकललं की बँक वाचली असती.

घटनेनुसार कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश, म्हणजे ९१ पैकी ६१. व्हिग बाहेर राहिले. लिंकन आणि दोघे-तिघे लक्ष ठेवायला आत बसले, आणि त्यांनी मतदानात नावंही पुकारली. तेवढ्यात बाहेरच्या काही सदस्यांना गोळा करून आणलं गेलं, संख्या भरली, दार बंद. लिंकनने खिडकी उघडून उडी मारली. उपयोग शून्य, कारण त्याची हजेरी आधीच लागली होती. डेमोक्रॅट वर्तमानपत्राने टोमणा मारला की विधानभवनावर आणखी एक मजला चढवावा, म्हणजे उडी मारायची सोय राहणार नाही. बँक १८४२ मध्ये बुडालीच.

तो सभापती झाला का?

नाही. १८३८ आणि १८४० मध्ये व्हिगांनी त्याचं नाव पुढे केलं, दोन्ही वेळा डेमोक्रॅट विल्यम ईविंग निवडून आला.

वकिली यातच शिकला?

हो. स्टुअर्टने पुस्तकं दिली, दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात तो वाचत बसला. ९ सप्टेंबर १८३६ ला परवाना, १ मार्च १८३७ ला वकिलांच्या पटावर नाव, आणि १५ एप्रिलला उसन्या घोड्यावर सगळं सामान टाकून तो नव्या राजधानीत दाखल झाला. बिछान्याचे १७ डॉलर त्याच्याकडे नव्हते. दुकानदार जोशुआ स्पीडने माडीवरच्या आपल्याच पलंगात जागा दिली.

पाचव्यांदा का उभा राहिला नाही?

१८४० मध्ये काउंटीतून निवडून आलेल्या पाचांत तो शेवटचा होता, योजना कोसळलेली, वकिली वाढलेली, नजर काँग्रेसवर. मुदत संपली त्याच सप्टेंबरात राज्याचा लेखापाल जेम्स शील्ड्सने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. निमित्त बुडालेल्या बँकेच्या नोटांवरून शील्ड्सची टर उडवणारं, टोपणनावाने छापलेलं पत्र. हत्यार निवडण्याचा हक्क लिंकनचा. त्याने घोडदळाच्या लांब तलवारी निवडल्या, कारण हात त्याचे लांब. २२ सप्टेंबर १८४२ ला अल्टनजवळच्या बेटावर दोघे पोचले, मध्यस्थांनी समझोता केला, रक्त सांडलं नाही.

१८५४ मध्ये तो पुन्हा आमदार निवडून आला, पण शपथ घेण्याआधीच राजीनामा दिला. अमेरिकी सिनेटर तेव्हा विधिमंडळ निवडायचं, आणि त्याला स्वतः उमेदवार व्हायचं होतं. फेब्रुवारी १८५५ मध्ये पहिल्या फेरीत ४४ मतं घेऊन पुढे असूनही शेवटी त्याने आपली मतं लायमन ट्रम्बलकडे वळवली. ट्रम्बलला पहिल्या फेरीत पाच मतं होती!

व्हॉट्सॲपवर फिरणारी 'लिंकनच्या अपयशांची यादी' आणि हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र यांचं काय?

यादीत १८३२ चा पराभव, बुडालेलं दुकान आणि १८३८ ची सभापतिपदाची हार असते. त्या गोष्टी घडल्या. पण १८३४, ३६, ३८, ४० चे विजय अलगद गाळलेले असतात. एकोणतिसाव्या वर्षी पक्ष सभापतिपदासाठी ज्याचं नाव देतो, त्याला अपयशी म्हणायचं कसं?

पत्र आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहे. मजकूर सुंदर, पण लिंकनच्या उपलब्ध लेखनात ते कुठेच सापडत नाही. आमदारकीच्या काळातलं तर नाहीच: थोरला मुलगा रॉबर्ट १८४३ मध्ये जन्मला.

तिकडे गेलो तर काय बघता येईल?

वँडेलियाचं विधानभवन उभं आहे, पण ते १८३६ चं. लिंकनची पहिली दोन वर्षं ज्या इमारतीत गेली ती पाडूनच हे बांधलं. स्प्रिंगफील्डचं जुनं विधानभवन १९६० च्या दशकात दगड दगड सुटा करून पुन्हा रचलेलं आहे. त्याच्या पायऱ्यांसमोर फेब्रुवारी २००७ मध्ये बराक ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. तेही इलिनॉयच्याच विधिमंडळातून वर आलेले. न्यू सेलम तिथून वायव्येला सुमारे ३० किलोमीटरवर. १८४० पर्यंत ते गाव ओस पडलं होतं, आज दिसतात त्या झोपड्या विसाव्या शतकात पुन्हा उभारलेल्या. पिंपं बनवणाऱ्या हेन्री ऑन्स्टॉटचं दुकान तेवढं मूळचं. रात्री तिथल्या लाकडाच्या ढलप्या पेटवून लिंकन वाचत बसायचा, असं गावात सांगत.